इस्त्रीखालच्या रेघा

मंगळवार, ४ मार्च

बोट टोचलं! माझ्याच घरात, माझ्याच भाचीनं. गेल्या आठवड्यात मोतीबिंदू काढून झाला, आता हे. उरलेले भाग कधी नेणार, विचारलं.

"मावशी, एकच थेंब. निरोगी माणसं हवी आहेत मला."

निरोगी म्हणाली म्हणून हात पुढे केला. थेंब कागदाच्या अरुंद पट्टीवर घेतला, टोकाला पेन्सिलीनं ३ लिहिलं. अशा बारा पट्ट्या – प्रयोगशाळेतली माणसं, शेजारची, कोण कोण. नावं फक्त तिच्या वहीत. मूत्रपिंडाचा आजार अंगावर दिसायच्या आधी पकडायचा, म्हणे. हिच्या आईचा, माझ्या आक्काचा, कुणी असा पकडला असता तर – जाऊ दे.

गुरुवार, ६ मार्च

तिच्या प्रयोगशाळेत रंगकाम चालू आहे आणि पट्ट्या तपासायची काळोखी कॅमेऱ्याची पेटी दुरुस्तीला गेली आहे, सोमवारी परत येईल. म्हणून पट्ट्या आमच्या कपाटात, पाकिटात. "ऊन लागू देऊ नकोस हं." मी काय पापड वाळत घालते आहे? सुकताना पट्ट्या वाकल्या आहेत. सोमवारी पेटीच्या फटीत शिरतील की नाही, या काळजीनं तोंड एवढंसं करून बसली होती.

शुक्रवार, ७ मार्च

सत्कृत्य केलं. पट्ट्यांना इस्त्री केली! मंद आच, वर पातळ रुमाल. कॉन्व्हेंटच्या शाळेत सिस्टर रिबिनीवर सुरकुती दिसली तर परत घरी पाठवत. ते शिक्षण वाया गेलेलं नाही.

पण काहीतरी विचित्र झालं. डोळ्यासाठी पडदे ओढलेले, खोलीत मिट्ट अंधार. इस्त्री उचलली की रुमालाखाली निळसर रेघ! दोन-तीन क्षण, मग गुल. पुढच्या पट्टीवर तेच. चष्मा काढला, घातला – तेच. सात लिहिलेल्या पट्टीवर तर दोन रेघा, एकीखाली एक. आठवीला पुन्हा एक. म्हणजे नवा डोळा दुबार दाखवतो, तेही त्याच्या मर्जीनं!

पट्ट्या मात्र पोस्टकार्डासारख्या सरळ. पाकिटात ठेवून दिल्या. सांगायचं नाही, सोमवारी चकित होऊ दे.

शनिवार, ८ मार्च

डोळ्याच्या डॉक्टरकडे जाऊन भांडले. "आजी, डोळा उत्तम आहे." मी कुणाची आजी? एकतीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये चाळीस मुली माझ्या नुसत्या खोकण्यानं सरळ बसत! "मग त्या रेघा कसल्या?" तर म्हणे, "कधी कधी भास होतात." भास! मला!

रविवार, ९ मार्च

मुद्दाम पडदे ओढून सहा उशांच्या अभ्र्यांना इस्त्री केली. काही नाही. बारा वेळा दिसलं ते काय होतं मग? मला काही सुधरत नाही.

सोमवार, १० मार्च

पट्ट्या मेल्या. सगळ्याच्या सगळ्या. सकाळी "सरळ झाल्या बघ आपोआप" म्हणत नाचत गेली आणि चार वाजता पिशवी कोपऱ्यात फेकून बसली. वरिष्ठ म्हणाले, रसायन तुझ्याच हातून बिघडलं. वर्षभराचं काम. बुधवारी बैठक – बहुतेक काढून घेतील.

मी चहा दिला आणि विचारलं, त्या पट्टीवर दिसायचं तरी काय असतं? मग उलगडून सांगितलं. रक्तातला नेमका पदार्थ हुडकून त्याला चिकटतील अशा कणांत एक रेणू भरलेला असतो. एरवी तो गप्प. तापवला की उजळतो, आणि तो उजेड पेटीतला कॅमेरा टिपतो.

"तापल्याशिवाय बोलत नाही, मावशी. अगदी तुझ्यासारखा." रडता रडता हसली. "आणि एकदा उजळला की संपला. पुन्हा नाही."

माझा कप हातातच राहिला.

मंगळवार, ११ मार्च

बोलले नाही. ऊन लावू नकोस म्हणाली होती. इस्त्रीचं नाव काढलं होतं का? नव्हतं काढलं!

दुपारी – सिस्टर म्हणत, चूक कबूल करताना पाठ ताठ हवी. पाठ ताठ आहे. तोंड उघडत नाही.

बुधवार, १२ मार्च

सांगितलं. ती दारात चपला घालत होती, तेव्हा.

"इस्त्री?" एवढंच म्हणाली. "मावशी... इस्त्री?"

मग तिथेच जिन्यावर बसली आणि पोट धरधरून हसली. मला वाटलं, पोरीचं डोकं फिरलं. "म्हणजे माझं रसायन चांगलं होतं! पण तुला नुसत्या डोळ्यांनी दिसलं? सगळ्यांवर?"

सगळ्यांवर एकेक रेघ, म्हटलं. सातवीवर दोन दिसल्या, पण तो डोळ्याचा दोष.

हसणं थांबलं. "सातवी? नक्की?"

"लिहून ठेवलंय."

ही वही आजवर कुणाला दाखवली नव्हती. शुक्रवारचं पान काढून तिच्यापुढे धरलं. उभ्या उभ्या दोनदा वाचलं तिनं.

"दोन म्हणजे काय गं?"

"पहिली असायलाच हवी. पट्टी चालते आहे, एवढंच ती सांगते."

"आणि दुसरी?"

"दुसरी आईला होतं त्याची."

सातवी कुणाची, विचारलं. "उशीर होतोय मावशी," म्हणाली आणि उतरली. जिन्यात कठड्याला धरून उतरली. एरवी दोन दोन पायऱ्या उड्या मारत जाते.

संध्याकाळी फोन – काम काढून घेतलं नाही. सगळं पुन्हा करायचं, यादीतल्या सर्वांची बोटं पुन्हा टोचायची. आवाज आनंदाचा नव्हता. जेवायला थांबू नकोस, म्हणाली.

गुरुवार, १३ मार्च

तिची वही टेबलावर राहिली होती. दुसऱ्याची वही उघडू नये, हे मला कुणी शिकवायला नको. उघडली.

तीनपुढे – मावशी.

सातपुढे – मी.

डॉक्टर चुकलेला असू दे. डोळाच खराब निघू दे.