आरे-वारेची फळी

मिऱ्या, रत्नागिरी
दि. ९ ऑगस्ट १९८९

चि. राही हिस बाबांचे आशीर्वाद.

इकडे सर्व ठीक आहे. तुझ्या भावाची, बाळाची, नवी होडी पुरी झाली. नारळी पौर्णिमेला पाण्यात जाईल. तुझ्या वहिनीला, मथुरेला, सातवा महिना लागला. तिचे पाय सुजतात, पण काळजी नको असं नर्सबाई म्हणतात. मला मात्र काळजी वाटते. मला कशाचीही वाटते, ते तुला ठाऊकच आहे.

विद्यापीठातल्या पोरांना तू कॉम्प्युटरचा नवा विषय शिकवायला घेतलास आणि पहिल्याच दिवशी माझ्या होड्यांचा दाखला दिलास, हे वाचून बरं वाटलं. तू पाठवलेले कागद तीनदा वाचले. चौथी शिकलेल्याला कळायचं तेवढं कळलं. कॉम्प्युटरला आधी साचा सांगायचा, मग त्यावरून हव्या तेवढ्या होड्या काढायच्या. प्रत्येकीचं पोट तिचं तिला माहीत. बाहेरच्याने आत हात घालायचा नाही, नुसती हाक मारायची, ती उत्तर देते. आणि जुन्या साच्यावरून नवा काढला, की जुन्याचं सगळं नव्यात आपोआप येतं. हे तू आपल्या चालीवरून समजावलंस, की आमच्याकडे प्रत्येक नव्या होडीत जुन्या होडीची एक फळी बसवतात.

मग मागच्या बाकावरच्या मुलाने विचारलं, "मॅडम, जुन्या होडीत भोक असलं तर?" वर्ग हसला, असं तू लिहितेस. तू त्याला म्हणालीस, "तर नवीतही येईल. ते आधी जुन्यात शोधावं लागतं."

बायो, ते वाचल्यापासून मला जेवण जात नाही.

होडी अजून किनाऱ्यावरच आहे, झावळ्यांनी शाकारलेली. तरी रोज सकाळी तळाला ओंजळभर पाणी असतं. बाळाच्या मते ते पावसाचं. मी बोट बुडवून जिभेला लावलं. खारट होतं. रोज पुसतो, रोज येतं, त्याच एका फळीखाली.

काल दुपारी तिथे कोणी नव्हतं. तुझ्या कागदात आहे तशी हाक मारून पाहिली. तुझा भाऊ धाकू नांगर टाकताना होडीवर बोटांनी तीनदा वाजवायचा, तसं त्या फळीवर वाजवलं.

आतून तीनदा वाजलं.

ती फळी तुझ्या आजोबांच्या होडीची, असं मी बाळाला सांगितलं होतं. ती त्यांची नाही. चार वर्षांपूर्वी धाकू बुडाला, तेव्हा त्याचं आणि होडीचं काहीच हाती लागलं नाही, असं मी तुम्हा सर्वांना म्हणालो. आठव्या दिवशी आरे-वारेच्या किनाऱ्याला एक फळी लागली होती. मी ती पोत्यात गुंडाळून आणली आणि माळ्यावर लपवली, कारण तिच्यावर माझं डांबर होतं. धाकू जायच्या आधीपासूनच ती कुजलेली होती, राही. मला माहीत होतं. बदलायला दोन दिवस गेले असते आणि सुरमई तर लागायला लागली होती. मी कापूस कोंबला, वरून डांबर फासलं. धाकूने विचारलं, "बाबा, धरेल ना?" मी म्हटलं, धरेल.

आता कुजका भाग कापून उरलेली बाळाच्या होडीत बसवली. बुडालेल्या होडीचं लाकूड आमच्यात कोणी घेत नाही, ते मला कळतं. पण वाटलं, धाकूचं एवढं तरी बाळाबरोबर राहील.

आज सकाळी ती फळी काढायला पटाशी घेऊन गेलो. पहिल्याच ठोक्याला आतून वाजलं, घाईघाईने. हात पुढे जाईना. तेवढ्यात मागून बाळा आला. तळाचं पाणी बघून म्हणाला, "बाबा, धरेल ना?"

तेच शब्द. मी म्हटलं, नाही धरणार, आणि सगळं सांगितलं. माझ्या हातातली पटाशी त्याने घेतली आणि मला घरी जायला सांगितलं.

हे लिहिताना त्याचे ठोके इथवर ऐकू येत होते. आता थांबले आहेत. खिडकीतून दिसतंय, बाळा फळी छातीशी धरून अंगणात उभा आहे. दोन्ही हात तिला लावलेले. फळीतून पाणी गळतंय. तो माझ्याकडे बघतोय आणि मी त्याच्याकडे, कारण आत्ता तीनदा वाजलं ते दोघांनीही ऐकलं.

त्या मुलाला सांग, भोक सापडलं.

मी ओ देऊन दार उघडायला उठतो आहे.

तुम्हा तिघांचा,
बाबा