वाढत्या मापाची

५ जाने., सोमवार
परी आज मुरमाच्या ढिगावरनं सायकल घेऊन खाली आली. सरळ. दोन्ही पाय वर करून. माझा जीव गळ्याशी आला आन् हसूबी आलं, दोन्ही एकदमच. सात वर्षांची पोर. तिचा भाऊ सिद्धू पाच वर्षांचा, तो खाली टाळ्या वाजवतोय, दीदी आजून एकदा. बाप म्हणून वरडायचं सोडून मिलिंदनं मोबाईलवर शूटिंग काढलं. डेपोत दिवसभर एस.टी.खाली झोपून काम करतो, घरी आला की पुन्हा चाकंच.
रात्रीच्या भाकरीला म्हणला, परीला आता मोटारसायकल घ्यायची.
मला वाटलं चेष्टा.
ही वही शिवणाच्या मापाची. मशीन बंद केल्यापास्नं मागची पानं कोरी पडली होती. सूनबाई म्हणली, आई, रोज चार ओळी लिहीत जावा. रेखा अंगणवाडीत शिकवती, मग सासूला कशी सोडंल. माझी शाळा दुसरीपातुर. चुकलं तर चुकलं, कोण बघतंय.

८ जाने., गुरुवार
चेष्टा न्हाय. पोरांसाठी बारक्या मोटारसायकली निघाल्यात. डर्ट बाईक. रस्त्यावर न्यायची न्हाय, मातीतच पळवायची. माती काय, आमच्या तेर गावामंदी माती कमी हाय व्हय. घरामागचं पडीक रान मि.नं साफ करायला घेतलंय. (इथनं पुढं मिलिंदला नुसतं मि. म्हणायचं, पुरं नाव लिहून बोटं दुखतात.)
रेखानं अटी घातल्या. हेल्मेट, गुडघ्याला पॅड, डांबरीवर चाक न्यायचं न्हाय, एकटीनं चालवायची न्हाय. मि. सगळ्याला व्हय म्हणला. लग्नात सुद्धा इतक्यांदा व्हय म्हणला नव्हता.
सोलापूरच्या दुकानात दोन हायत म्हणं. एक बारकी, बॅटरीची. दुसरी मोठी, पेट्रोलची. मि.ला मोठी पाहिजे. आज परी चालवंल, मग सिद्धू, चार-पाच वर्षं बघायला नको. मला म्हणला, ‘वाढत्या मापाची घ्यायची, माय. तुझंच शिकवणं हाय.’
खोटं कशाला, मला बरं वाटलं. आमच्या घरात बुटाच्या टोकात कापूस असायचाच. शाळेच्या प्यांटीला खाली चार बोटं दुमड. दरसाली जून आला की एक बोट उसवायची. निम्म्या गावाच्या पोरांच्या प्यांटी मी उसवल्यात. शेजारच्या पांडूची तर आठवीत गेला तरी पुरली, जुन्या दुमडीच्या तीन रेघा दिसायच्या तेवढ्या.
मोटारसायकलला दुमड कुठं घालायची, हे मात्र मनात आलं.

११ जाने., रविवार
हेल्मेट आलं. तेबी वाढत्या मापाचं. परीच्या डोक्यात घालून बघितलं तर विहिरीत बादली सोडल्यावानी.
माझे हात शिवशिवले. जुन्या उशीतला फोम काढला, लुगड्याचं मऊ कापड लावलं, आतनं गोल अस्तर शिवलं. चष्म्याशिवाय सुई ओवली आज. घट्ट बसलं. परी म्हणली, आज्जी, ऊब लागती. मी लई खूश. शेजारणीला दाखवून आले.
संध्याकाळी पोर अंगणात हेल्मेट घालून फिरत होती. सिद्धूनं मागनं हाक मारली. तिनं मान वळवली. तोंड वळलं, हेल्मेट पुढंच बघत राहिलं.
सगळे हसले. मीबी. मग आत जाऊन पाणी प्याले.

१२ जाने., सोमवार
अस्तर उसवलं. शिवायला दोन तास, उसवायला दहा मिनिटं.
मग उगीच वहीची पुढची पानं चाळत बसले. कुणाकुणाची मापं. निम्मे आता हयात न्हायत, त्यांची छाती-कंबर माझ्याकडं. एका पानावर: मिलिंद, वय ९, फुल प्यांट, आतली लांबी २३.
त्याच साली सायकल आणली होती.
मालक म्हणत होते, वळखीत एक जुनी बारकी हाय, ती घेऊ. मीच हटून बसले. वाढत्या अंगाचं पोर, बारकी दोन वर्षांत भंगारात जाईल, मोठीच आणा. आणली. दांड्याखालनं पाय घालून पोरगं हाप पायडल मारायचं. पुलाच्या उताराला म्होरं शेरडं आली, यानं ब्रेक दाबला, पाय टेकवायला गेला. खाली जमीन न्हायच.
डावं कोपर. अजून सरळ होत न्हाय. त्याच्या शर्टाची डावी बाही मी मशीन बंद करंपातुर अर्धा इंच आखूड कापत आले, कुणाला दिसू नये म्हणून.
लोकांनी इचारलं तर मी म्हणायची, पोरगं आगाव, उताराला सोडली सायकल. पुढं पुढं तोबी तसंच सांगायला लागला, हसून, मी लई आगाव होतो म्हणून. मालकांनी कधी तोंडातनं काढलं न्हाय. गेले तरी काढलं न्हाय.

१५ जाने., गुरुवार
आज सांगायचंच म्हणून उठले. तो आंघोळ करून आला. डबा हातात दिला. इचारलं, कालच्या भाजीत मीठ बरं होतं का. बरं होतं म्हणला. गेला.

१७ जाने., शनिवार
परीला भिंतीला उभं करून माप घेतलं. पायाची आतली लांबी २१ इंच. आज्जी, मला प्यांट शिवती व्हय, म्हणली. व्हय म्हणलं.

१८ जाने., रविवार
सोलापूर. सगळीच गेलो. एस.टी.त सिद्धू तुळजापूरपातुर डुर्रर डुर्रर करत होता, पुढच्या बाईनं शेवटी त्याला पेरू दिला, तवा गप बसला. माझ्या पिशवीत टेप.
दुकानात दोन्ही गाड्या शेजारी उभ्या. लाल आन् हिरवी. बघून मलाच बसावं वाटलं, खरं सांगते. मी टेप काढली आन् जमिनीपासनं सीटपातुर लावली. दुकानदार म्हणला, ‘आजी, गाडीला झबलं शिवताय काय?’ सगळं दुकान हसलं. हसू दे. बारकीची सीट २०. मोठीची २५.
मि.नं परीला मोठीवर बसवलं. राणीवानी बसली. पाय लोंबत. दुकानदार म्हणला दोन वर्षांत टेकतील. मागं एक म्हातारा मिस्त्री टायर काढत बसलेला. त्यानं मान वर केली न्हाय, नुसता बोलला, ‘पोरं पळताना पडत न्हायत, मावशी. थांबताना पडतात.’
मी मि.कडं बघितलं. तो वाकून इंजिन बघत होता. ऐकलं का न्हाय, कळलं न्हाय.
मग बारकीवर. परीचे दोन्ही तळवे फरशीला टेकले. आपली आपण गाडी मागं घेतली तिनं. पर तोंड वाकडं, ‘ही बारक्यांची हाय.’ सिद्धू चवडे टेकवून बसला तो उतरायला तयार न्हाय, तिघांनी मिळून उचलला.
ठरलं न्हाय. मि. म्हणला, फोन करतो.

१९ जाने., सोमवार
सांगितलं.
मि.ची दुपारची पाळी होती. सकाळी ओट्यावर उन्हाला बसून तो बूट पुसत होता, मी तुरीच्या शेंगा सोलत होते. हात चालू असला की तोंड उघडतं माझं.
म्हणलं, ‘मिलिंदा, ती सायकल मी घ्यायला लावली होती.’
‘कुठली?’
‘हात मोडला ती. तुझा बाप बारकी घेऊ म्हणत होता. तू आगाव नव्हतास. तुझा पाय पुरत नव्हता.’
त्यानं बूट खाली ठेवला. कोपराकडं बघितलं, जसं काय दुसऱ्याचं हाय. माझ्या शेंगा कवाच संपल्या होत्या, मी रिकाम्या टरफलातच बोटं घालत होते.
मग म्हणला, ‘माय, त्याच सायकलवर मी दहावीपातुर शाळंला गेलो. पुरली की.’
आन् उठून गेला.
आता हे मला माफ केलं म्हणून बोलला, का मोठीच घ्यायची म्हणून बोलला? दिवसभर तेच. आमटीत दोनदा मीठ पडलं.

२१ जाने., बुधवार
रेखा हेल्मेट परत देऊन दुसरं घेऊन आली, डोक्याच्या मापाचं. भुवईच्या वरनं टेप फिरवून माप मीच दिलं होतं. परीनं मान वळवली की हेल्मेटबी वळतंय. चार-पाचदा वळवायला लावली. पोर वैतागली.
रेखाला हळूच इचारलं, गाडीचं काय. ती म्हणली, ‘मला काय बोलले न्हायत, आई. पर दोन दिवस झालं कोपर चोळत बसतात.’

२३ जाने., शुक्रवार
उद्या गाडी येणार. दोस्ताचा टेम्पो हाय म्हणं.
कुठली रे, म्हणलं. ‘उद्या बघ की.’ हसला का? अंधूक दिसतं मला, चष्मा उशीखाली होता.
परीनं हँडलला बांधायला रिबीन काढून ठेवली. सिद्धू जेवताना परीचं हेल्मेट काढंना. मला घास जात न्हाय आन् या दोघांकडं बघितलं की हसू आवरत न्हाय, असं कसं हुतंय काय माहीत. बुद्धाच्या तसबिरीपुढं मेणबत्ती लावली. शेजारी मालकांचा फोटो. त्यांना म्हणलं, सांगितलं मी त्याला. आता तुमी बघा.

२४ जाने., शनिवार
मि. पयल्या गाडीनं सोलापूरला गेला. मी उठायच्या आत.
दहा वाजता परी आली, आज्जी, परत माप घे, मी वाढली असंन. घेते म्हणून खुंटीकडं गेले. टेप न्हाय. तीस वर्षं त्याच खुंटीला असती.
परीला इचारलं, सिद्धूला इचारलं, रेखाला इचारलं. या तिघांनी घेतली न्हाय, मि. तेवढा सोलापुरात. सोलापूरची पिशवी झटकली. गाद्या उचलून बघितल्या. कपाटामागं हात घातला, तिथं शिवताना बोटात घालायची एक जुनी अंगुस्तानी सापडली.
राहिला आता मशीनचा खण. तेवढा बघते. तिथं सापडू नये.