अंगण ओलं ठेव

प्रिय धाकटे,

फोनवर तू मला वाक्य पुरं करू देत नाहीस, म्हणून लिहितेय. अक्षराला हसू नकोस, चौथीपर्यंत शिकले तेच पुष्कळ झालं.

काम जोरात चाललंय. बाबा कामाला जायचे तो सिमेंटच्या पत्र्यांचा कारखाना आता उभा नाही, नुसती जमीन उरलीय, अन् तिच्यातली ॲसबेस्टॉसची माती आम्ही काढतोय. केसाहून बारीक तंतू असतात त्यात. श्वासातून आत गेले की छातीत रुतून बसतात आणि कितीतरी वर्षांनी डोकं वर काढतात. म्हणून आधी पाणी, मग फावडं. पाइप माझ्या हातात, त्यामुळे सगळी टोळी मला पाणीवाली म्हणते. आमची मुकादमीण सांगते, सुकी माती चोर, ओली माती साव. परवा एका गड्यानं सवयीनं झाडू उचलला, तर मी असं झापलं त्याला की झाडू हातात घेऊन पुतळाच झाला! ओली माती दुहेरी जाड पिशवीत भरायची, पिशवीची मान पिळून दुमडायची, वर चिकटपट्टी. ट्रकची चाकंसुद्धा धुतल्याशिवाय फाटकाबाहेर नाहीत. अंगावरचे कपडे तिथेच टाकून, अंघोळ करून मग आम्ही घरी.

बाबा मात्र तसेच यायचे, गिरणीतून आल्यासारखे पांढरे. दारात सदरा झटकायचे. त्यांच्या खोकल्याच्या शिव्या आयुष्यभर एकट्या सिगारेटनं खाल्ल्या.

गेल्या आठवड्यात कुंपणापाशी खणताना राखाडी थर लागला. दगडासारखा घट्ट, अन् कडेनं गोणपाटासारखे दोरे सुटलेले. बाकीचे पुढे सरकले, मी पाइप धरून तिथेच. ओळखीचा होता गं तो. आपल्या अंगणात चिखल व्हायचा म्हणून बाबांनी कारखान्यातला चुरा पोती भरभरून आणला, ठोकून बसवला, आठवतं? फुकटचा माल! शेजारणी जळायच्या. त्यावर आपण भातुकली मांडायचो, आणि तू तर अजून दोन्ही वेळा झाडून ते आरशासारखं ठेवतेस.

आता ऐक, आणि रडत बसू नकोस. सूनबाईला दिवस गेलेत म्हणून तुझा लेक अंगणात खोली काढतोय, पाया खणणार, असं तू हौसेनं सांगितलंस. तिथे कुदळ लागता कामा नये. ऐकत नसेल तर सांग, मावशी येऊन कान उपटेल. झाडू आजच ठेवून दे, अंगण हलक्या पाण्यानं ओलं ठेव, सुनेला तिकडे फिरकू देऊ नकोस. सोमवारी आमचे साहेब मातीचा नमुना न्यायला येतायत, मी सोबत आहेच. त्यात काही निघालं तर काढायला आमचीच टोळी येईल. तुझ्याही छातीचा फोटो काढून घेऊ, खोकला नाही म्हणतेस तरी. बाळ रांगेल ना, ते त्याच अंगणात, नव्या मातीवर. ते माझ्यावर सोड. तू फक्त सोमवारपर्यंत, जन्मात एकदा, अंगण घाण राहू दे.

तुझीच,
पाणीवाली ताई