कठड्याला टेकू नये

प्रिय भिंगरी,

माझं अक्षर बघून दचकू नकोस. घरी सगळे ठणठणीत आहेत, तुझी आई तर नको इतकी. पाकिटाच्या तळाशी काहीतरी टोचेल, ते तसंच राहू दे, पत्र वाचून झाल्यावर काढ. रविवारी फोनवर आपण बोलतोच, म्हणजे मी कशी आहेस विचारतो, तू बरी आहे म्हणतेस आणि मी फोन आईच्या हातात देऊन मोकळा होतो. एवढ्या भांडवलावर सगळ्याच गोष्टी बोलता येत नाहीत, म्हणून हा कागद. बातमी अशी की, वरच्या पॅसेजचा आपला लाकडी कठडा काढला आणि तिथे काचेचा बसवला. हो, काचेचाच. चाळीस वर्षं रंधा मारलेल्या सुताराच्या घरात. खुशाल हस, मी काही म्हणणार नाही.

सुरुवात झाली ती तुझ्या भाचीपासून. धाकट्याची पोर आता रांगायला लागली आहे आणि रांगते म्हणजे काय, सुटते. जिना संपतो तिथून पॅसेजच्या टोकापर्यंत पोचायला तिला तुझ्या आईला चष्मा सापडतो तेवढाही वेळ लागत नाही. परवा-परवा तिनं कठड्याच्या दोन गजांमध्ये डोकं घातलं आणि खाली जेवायच्या टेबलाशी बसलेल्या मला बघून खदखदा हसली. मी ताट सोडून जिन्याकडे धावलो. सूनबाई फार बोलत नाही, पण त्या दिवशी तिनं स्पष्ट सांगितलं की, हा कठडा बदलल्याशिवाय ती पोरीला वर मोकळी सोडणार नाही. धाकट्यानं लगेच मान डोलावली. त्या कठड्यावरून खाली पडलेला माणूस तो, त्यानं नाही डोलवायची तर कुणी? मीच तेवढा आडमुठेपणा करत बसलो. लाकूड चांगलं आहे, गज जवळजवळ लावून देतो, काचेवर बोटं उठतात, काय वाट्टेल ते बोललो. शेवटी सूनबाई म्हणाली की बोटं पुसता येतात.

मग आम्ही काचेच्या दुकानात गेलो. दुकान एका बाईंचं आहे. पन्नाशीच्या असतील, कानावर पेन्सिल माझ्यासारखीच, आणि बोलणं तर माझ्याहून फटकळ. त्यांनी धाकट्याच्या हातात हातोडी दिली आणि काचेचे दोन तुकडे समोर उभे केले. पहिला फुटला तो जाड्या मिठासारखा, सगळा भुगा खाली. दुसरा म्हणजे दोन काचा आणि मध्ये पारदर्शक पापुद्रा. त्याला जाळीसारखे तडे गेले, पण पठ्ठ्या उभाच्या उभा. घरात लेकरू असेल तर ही दुसरी, दुसरी चर्चाच नको, असं बाईंनी बजावलं. मग काच धरायची कशानं, यावर अर्धा दिवस गेला. स्टीलचे खांब लावून त्यांच्या चिमट्यात धरता येते, स्लॅबच्या कडेला बाहेरून मोठी गोल बटणं ठोकून धरता येते, नाहीतर जमिनीवर अॅल्युमिनियमची पन्हळ बसवून तिच्यात काच उभी करता येते. धाकट्याला पन्हळ आवडली, खांब नाहीत, सगळं मोकळं दिसतं म्हणून. मी मात्र बटणांवर अडून बसलो. बाहेरून ठोका, जमिनीला हात लावू नका, आणि जुने खांब मी एकटा काढीन, हा एकच हेका. सगळ्यांना वाटलं म्हाताऱ्याचा जीव अडकलाय आपल्या हातच्या लाकडात. सूनबाईचे तर डोळे भरून आले. मी तसंच वाटू दिलं.

बाईंनी माझं काही ऐकून घेतलं नाही. त्या म्हणाल्या की काच कुठलीही घ्या, ती जितकी मजबूत तितकीच तिच्याखालची जमीन मजबूत लागते. आपल्याकडे पन्हळ बसवायची की नाही, हे जमिनीखाली काय आहे ते बघितल्याशिवाय त्या सांगणार नव्हत्या. एरवी कुणी असं बोललं असतं तर त्याला मी चहा पाजला असता. त्या दिवशी मात्र मी धाकट्याचं बखोट धरून दुकानाबाहेर पडलो.

तुला आपल्या घरातला नियम आठवत असेल. कठड्याला टेकू नये. तू तर वर येणंच सोडलंस, पण बाकी सगळे सत्तावीस वर्षं तो नियम पाळत आले. पाहुणे आले की ते बसायच्या आधी मी ओरडायचो. धाकट्याच्या लग्नाच्या दिवशी फोटोवाल्यानं नवरानवरीला कठड्याशी उभं केलं तेव्हा मी जिन्यात धावत जाऊन त्यांना हाताला धरून मागे ओढलं होतं, व्याह्यांच्या देखत. पॉलिश खराब होतं, असं सांगायचो. तुझी आई सगळ्यांना हसत सांगायची की, ह्यांचं बायकोपेक्षा पॉलिशवर प्रेम. दर महिन्याला मी एकटा वर जाऊन प्रत्येक खांब हलवून बघायचो. तेही सगळ्यांना प्रेमच वाटायचं.

मंगळवारी सकाळी बाई आल्या. मी जागेवरून उठेपर्यंत त्या पहिल्या खांबाशी बसल्यासुद्धा. खांबाखालच्या लोखंडी पट्टीचे चार स्क्रू त्यांनी काढले, काढले कसले, दोन बोटांत धरून उचलले. दुसऱ्या खांबाचेही तसेच, तिसऱ्याचेही. प्रत्येक भोकातून चिमूटभर वाळू आली. मग त्या जिन्याजवळच्या कोपऱ्यातल्या खांबाकडे वळल्या आणि तिथे त्यांचं घोडं अडलं. स्क्रू हलेना. धाकट्यानं जोर लावला तेव्हा कुठे एकेक निघाला, चांगला पाच इंची, टोकाला सिमेंटची करडी पूड. बाईंनी सगळे स्क्रू फरशीवर ओळीनं मांडले, आखूड आखूड, आखूड आखूड, आणि शेवटी चार लांब. मग अगदी सहज विचारलं की, ज्यानं हा कोपऱ्यातला खांब बसवला त्याला काम उत्तम येत होतं, मग त्यानं बाकीचे असे का सोडले? धाकटा माझ्याकडे बघायला लागला. सूनबाई पोरीला कडेवर घेऊन उभी होती, तीही. तुझी आई वाळलेले कपडे घेऊन जिन्यात थबकली होती. मी खाली बसलो.

आता तुला सगळं नीट सांगतो. कठडा मी पहिल्यांदा बसवला तेव्हा वर फरशी नव्हती, नुसता स्लॅब होता. स्क्रू पितळी, अडीच इंची, स्लॅबमध्ये घट्ट. दोन वर्षांनी तुझ्या आईच्या हट्टापायी फरशी घातली. खाली दोन इंच वाळू-सिमेंटचा माल, वर फरशी. त्यासाठी खांब काढले होते, ते मीच परत बसवले. स्क्रू बघितले तर नव्यासारखे चकचकीत. चांगला पितळी स्क्रू टाकून द्यायचा ही कल्पनाच मला सहन होत नाही, तुला माहीत आहे, माझ्या डब्यात अजून माझ्या बापाच्या हातचे खिळे आहेत. तेच स्क्रू परत लावले. फरशी आणि माल ओलांडून ते स्लॅबपर्यंत पोचतच नाहीत, हे कालच्या शिकाऊ पोरानंही ओळखलं असतं. मी मोजलं नाही. माझेच स्क्रू, माझाच कठडा, मोजायचं काय त्यात, असा माझा ताठा.

धाकटा पडला तेव्हा तू दहा वर्षांची होतीस आणि तो चार. तू धावत खाली आलीस आणि म्हणालीस की, बाबा, तो नुसता टेकला होता. हेच तुझे शब्द. मी त्याला उचलून दवाखान्यात नेलं, तुझी आई तिथे थांबली आणि दुपारी मी घरी आलो. कोपऱ्यातला खांब आडवा लोंबत होता. मी भोकात बोट घातलं तर वाळू. भिंगरी, मला तिथेच कळलं. डब्यातून चार लांब स्क्रू काढून मी तो खांब त्याच दुपारी पक्का बसवला, फरशी पुसून घेतली, आणि मग तुला समोर बसवून विचारलं की, तुम्ही कठड्याला लटकला होता ना? तू नाही म्हणालीस. दुसऱ्या दिवशीही नाही म्हणालीस. मी सगळ्यांसमोर म्हणालो की, माझा कठडा नुसतं टेकून पडत नसतो, पोरगी खोटं बोलते. तिसऱ्या दिवशी मी जवळ घेऊन सांगितलं की, खरं सांगितलंस तर बाबा रागावणार नाही. तेव्हा तू हो म्हणालीस. लटकलो होतो म्हणालीस, मीच त्याला चढवलं म्हणालीस. आणि मी तुझ्या पाठीवरून हात फिरवून तुला शाबासकी दिली. ती शाबासकी माझ्या डोक्यातून एक दिवस गेलेली नाही.

त्यानंतर तू गरगर फिरणं बंद केलंस. मी भिंगरी म्हणणं बंद केलं, तोंड उघडेना. बाकीचे खांबही पक्के करायला हवे होते, पण सगळे स्क्रू एकदम काढले असते तर तुझ्या आईनं विचारलं असतं की, पोरांनी कोपऱ्यातला खांब पाडला, मग तुम्ही बाकीचे का उखडताय? आज करू, उद्या करू, ती माहेरी गेली की करू. ती माहेरी गेली की मला वाटायचं, जाऊ दे, आता काय. आणि मग नुसतं ओरडत राहिलो, टेकू नका, टेकू नका. खाई त्याला खवखवे म्हणतात ते उगाच नाही. आणखी कुणी पडलं नाही ही माझी हुशारी नाही, माझं नशीब.

हे सगळं मी मंगळवारी तिथेच फरशीवर बसून सांगितलं. काचवाल्या बाई कधी बाहेर जाऊन उभ्या राहिल्या मला कळलं नाही. धाकटा बराच वेळ ते स्क्रू हातात खेळवत बसला. तो अजून उजवा पाय थोडा ओढतो, तू बघतेसच. मला वाटलं आता हा मला घराबाहेर काढतो. पण तो पायाचं काही बोलला नाही. त्याला आठवलं ते हे की, लहानपणापासून तुमच्या प्रत्येक भांडणात तो तुला म्हणत आला, तूच मला पाडलंस, आणि तू दर वेळी गप्प बसायचीस. एवढं बोलून तो रडला गं, बायकोमुलीसमोर. मग म्हणाला की, माझं नंतर बघू, आधी ताईला सांगा, आणि तुम्ही स्वतः सांगा. तुझ्या आईनं चार दिवस माझ्याशी जेवायला या याच्यापलीकडे शब्द काढला नाही. पाचव्या दिवशी तिनं माझ्यापुढे कागद आणि पेन आणून ठेवलं. शिक्षा म्हणशील तर कमीच आहे, आणि खरं सांगू, मला इतकं हलकं कधी वाटलं नव्हतं. काल दुपारी मी जेवून खुर्चीत डोळे मिटले तो थेट दिवेलागणीला उठलो.

काच शुक्रवारी बसली. पन्हळच घेतली, खाली स्लॅबमध्ये खोल बोल्ट, प्रत्येक भोक बाईंनी माझ्याकडून मोजून घेतलं, मुद्दाम. जुन्या कठड्याचं लाकूड वाया जाऊ दिलं नाही, वर धरायला त्याचीच पट्टी रंधून दिली, तेवढं माझं चाललं. काम झाल्यावर बाईंनी सगळं अंग काचेवर टाकून बघितलं, मग धाकट्याला टेकायला लावलं, मग मला. मी पाठ टेकली. सत्तावीस वर्षांत पहिल्यांदा. कठडा जागचा हलला नाही. तेवढ्यात पोरीनं रांगत येऊन दोन्ही तळवे काचेवर आपटले आणि आपल्याच बोटांच्या ठशांना चाटायला लागली. सूनबाई पुसायला धावली, मी म्हटलं राहू दे.

तर आता पाकीट झटक. तो स्क्रू कोपऱ्यातल्या खांबाचा आहे, त्या दिवशी उपटून आलेला. मी तो फेकला नाही, फेकवतच नाही मला काही, डब्याच्या तळाशी ठेवला होता. फूटपट्टी लावून बघ, अडीच इंच. त्यातलं स्लॅबपर्यंत काहीच पोचत नव्हतं. तू खरं बोलत होतीस. तो नुसता टेकला होता. तू लटकली नव्हतीस, त्याला चढवलं नव्हतंस, आणि तुला तसं आठवत असेल तर ते तुझं आठवणं नाही, मी तुझ्या तोंडात घातलेलं आहे, ते थुंकून टाक. खोटा मी होतो. माझी चूक झाली, पोरी, मला माफ कर म्हणायचासुद्धा मला अधिकार आहे की नाही ते तूच ठरव. नाही म्हणालीस तरी चालेल, पण ये. आल्यावर खालीच टेबलाशी बसू नकोस, जिना चढून वर ये. मी खाली उभा राहून बघतो. तू टेक.

तुझाच, इतक्या वर्षांनी खरं बोललेला,
बाबा