हंसीणबाईंचे चुलतभाऊ

२ ऑक्टोबर

डुकराने पोर्क सॉसेज तळले! स्वतः डुक्कर! आणि बोटीवरचे सगळे मिटक्या मारत खातात — त्याची बायकोसुद्धा. लहानपणी हाच भाग मी सतरंजीवर पालथी पडून पाहिला होता. तेव्हा काही म्हणजे काही खटकलं नव्हतं.

धाकट्या रिंकने माझ्या यिल्दाऊच्या वाढदिवसाला आमच्या वेळच्या त्या कार्टूनचे सगळे भाग पाठवलेत. भाचीचं निमित्त. खरं तर त्यालाच बघायचे असणार.

३ ऑक्टोबर

कप्तान पाणमांजराचं 'खोकल्याचं औषध'. दर भागात एक घोट, मग तो सुकाणू सोडून चंद्राशी गप्पा मारतो. मी त्याच्यासाठी प्रार्थना करायचे! जेवणाच्या टेबलावर, मोठ्याने — देवा, कप्तानाचा खोकला बरा कर. बाबा गंभीरपणे म्हणाले होते, "आमेन."

६ ऑक्टोबर

हंसीणबाई! विधवा, बोटीवर खानावळ चालवते. प्रत्येक बंदरात एक नवा पाहुणा मुक्कामाला, आणि ओळख मात्र एकच — "हा माझा चुलतभाऊ." कधी बोका, कधी बगळा, कधी गोंदवून घेतलेला बेडूक. पहाटे चुलतभाऊ बूट हातात घेऊन चोरपावलांनी उतरतो.

कॉफी सांडली माझी.

मी आईला विचारलं होतं, हिला इतके चुलतभाऊ कसे? विणकामावरची नजर न काढता आई म्हणाली, "मोठं घराणं असेल."

आज यिल्दाऊनेही विचारलं.

"मोठं घराणं असेल," मी.

७ ऑक्टोबर

रिंकचा फोन. "तुला आत्ता कळलं? वित्स्केताई, धन्य आहेस!" दोघं खूप हसलो. मग एकदम दोघांनाही आठवलं. आई शेजारीच बसलेली असायची की! दर शनिवारी.

आणि आमचं घर! रविवारी सायकल नाही, शिवण नाही. पत्त्यांचं तर नावच नको. बाबा चर्चच्या मंडळावर. टीव्ही घरात आला तोच मुळी मोठ्या चर्चेनंतर. आई आमच्यावर लक्ष ठेवायला बसते, अशी आमची समजूत.

"तिला काही कळलं नसणार," रिंक म्हणाला. "विचारू नकोस हं. बाबा गेल्यापासून आधीच गप्प झालीय. त्यात वाटेल, मुलांना मी हे काय दाखवलं!"

१० ऑक्टोबर

नाही विचारणार.

११ ऑक्टोबर

विचारावंसं वाटतंय!!

१९ ऑक्टोबर

आईला फोन. तिच्याकडे बोल्सवर्डला वारा आहे. सूप केलंय. संपलं बोलणं.

बाबांना पुरलं तेव्हा रिंक हमसून रडला. मी हातमोजे नीट करत उभी. बाबांना आठवायला गेलं की काळा कोट दिसतो, पाठमोरा. माणूस काही दिसत नाही. हे कुणाला सांगणार?

१ नोव्हेंबर

आज आई आली. कॉफी, एकेक बिस्किट, डबा बंद — सगळं रीतीप्रमाणे. तेवढ्यात यिल्दाऊने कार्टून लावलं! मी रिमोट शोधतेय, आमच्या छोट्या बाईसाहेब त्यावरच बसलेल्या.

पडद्यावर बिज्जू मिस्त्री, हातात पाना. "बाई, ही शेगडी कधीपासून पेटवली नाही?"

"सगळं सांगते हो, पण आधी बूट काढा!"

हे हंसीणबाई म्हणाली. पण तिच्याआधी आई म्हणाली! तसाच घोगरा आवाज, तशीच मान वाकडी. आणि मग जी हसत सुटली — कवळी हाताने सावरायला लागली.

"आजी रडतेय का?" यिल्दाऊ.

"आई! तुला कळत होतं?"

"म्हणजे काय? तुम्हा दोघांना काही करकोच्याने चोचीतून पाळण्यात आणून टाकलं नव्हतं."

"आम्हाला वाटायचं, तू आमच्यावर लक्ष ठेवतेस."

"ठेवायचेच. मध्येमध्ये बोलायचात ना तुम्ही!"

आणि डबा उघडून दुसरं बिस्किट घेतलं. माझ्या आईने!

बसस्टॉपवर माझी बाही धरून काहीतरी सांगणार होती. यिल्दाऊ मध्ये घुसली, तेवढ्यात बस आली.

२ नोव्हेंबर

सकाळीच आईचा फोन. काल पोरीसमोर बोलता आलं नाही म्हणे. शनिवारी दिवा मालवला की बाबा अंधारात विचारायचे, "आज काय झालं गं?" मग ती सगळा भाग सांगायची, आवाज काढून. "बघणं त्यांना शोभलं नसतं. ऐकण्याबद्दल कुणी काही म्हटलं नव्हतं." पांघरूण तोंडात कोंबून हसायचे दोघं, आम्ही उठू नये म्हणून. "पुन्हा सांग, पुन्हा सांग — झोपू द्यायचे नाहीत, वित्स्के."

मग म्हणाली,

"आता कुणाला सांगू?"

"मला सांग," म्हटलं, आणि डोळे मिटून घेतले.