बाहेरचा खडक

घाटंजी
१२ जानेवारी २०२५

चि. जेबास,
इंदूबाईचा जय भीम आणि आशीर्वाद.

तुझे अब्बा हबीबभाई, तुझी अम्मी बरे असतील. इकडे तूर कापून झाली. संघदीपचे बाबा ठीक आहेत. मीही आहे.

तू समुद्रावरचं माशांचं संशोधन सोडून घरी कळंबला परत आलीस, असं कळलं. यांना आलेलं तुझं पत्र वाचलं. 'मी नमुन्यांच्या बाटल्या आणायला खडकांवरून किनाऱ्यावर गेले, संघदीपला एकटं सोडलं, म्हणून तो बुडाला' असं लिहिलंस.

दिवाळीनंतर आम्ही दोघं त्या खडकांवर जाऊन आलो. ओहोटी होती. एका कोळीणबाईनं तुम्ही दोघं अभ्यासत होता तो मासा दाखवला. बोटाएवढा, खडकाच्याच रंगाचा, भोकातून नुसतं डोकं बाहेर. संघदीप सांगायचा, "आई, अंडी बापच राखते. लाट येवो का काही येवो, जागा सोडत नाही." एवढ्याशा जिवासाठी पोरगं इतकं लांब गेलं म्हणून माझा राग होता. मासा पाहिला अन् मी तिथंच खाली बसले.

कोळीणबाई म्हणाली, "तुमचा मुलगा त्या बाहेरच्या खडकावर जाऊन फोनवर बोलायचा. रेंज तिथंच येते."

जेबा, त्या दिवशी फोन माझा होता.

आदल्या आठवड्यात त्यानं तुझ्याशी लग्नाचं काढलं होतं. मी नाही म्हटलं. त्या सकाळी पुन्हा फोन लावला. "ती पोरगी का आम्ही, एक सांग." तो म्हणाला, "आई, पाणी चढून राह्यलं. वर जाऊन करतो." मी म्हटलं, "आधी उत्तर दे." तीनदा म्हटलं. आईचा फोन त्यानं कधी कापला नाही.

शेवटी म्हणाला, "आई, जेबालेच मी..." अन् नुसता पाण्याचा आवाज. मला वाटलं, रागानं ठेवला. म्हणून मीही दिवसभर लावला नाही.

नऊ महिने कोणाला बोलले नाही. काल यांना सांगितलं. ते अंगणात जाऊन बसले, जेवले नाहीत. सकाळी एवढंच म्हणाले, "त्या पोरीले लिव्ह. आजच."

तुझी काही चूक नाही, बेटा. त्याला तिथं मी उभं ठेवलं. हे पत्र हबीबभाईंना वाचून दाखव. कोणी तुला बोल लावला तर माझं नाव सांग. जमलं तर त्या खडकांवर परत जा. माफी मागायला मला तोंड नाही.

तुझी सासू झाली असती ती,
इंदूबाई