यादीतली नववी ओळ

माय, तुला जाऊन सव्वीस वर्षं झाली आणि तुला वाचता तर कधीच येत नव्हतं, तेव्हा हे पत्र तुझ्या हाती पडायची भीती नाही. तरी लिहायला बसले आहे, तुझ्याच शिलाई मशीनच्या फळीवर कागद ठेवून. तुझ्या शेवटच्या आठवड्यात मी तुझ्याशी एक खोटं बोलले होते. एका शब्दाचंच, पण त्या एका शब्दामागे बावीस वर्षं होती. ते मला आता सांगून टाकायचं आहे, आणि सांगायचं तर खालापासून सुरुवात करावी लागेल.

खाला म्हणजे आपली मागल्या दाराची मुसलमान शेजारीण. तिचं स्वयंपाकघर आणि आपलं स्वयंपाकघर समोरासमोर, मध्ये दोन हातांची बोळ आणि चिऱ्याचा गडगा, तोही तुम्ही दोघींनी टेकून टेकून गुळगुळीत केलेला. तिचा नवरा कुवेतला. तुझा, म्हणजे बाबा, मिरकरवाडा बंदरात होड्यांची इंजिनं दुरुस्त करायचा आणि संध्याकाळी डिझेलचा वास घेऊन घरी यायचा. मला तुमची आठवण येते ती नेहमी नाताळच्या आधीच्या दुपारची. तू पोळपाटावर पाऱ्या लाटते आहेस, खाला पाटावर बसून नेवऱ्यांना, म्हणजे आपल्या करंज्यांना, मुरड घालते आहे, आणि मी शेजारी बसून एकेक नेवरी फोडते आहे. तिच्या बोटांतून मुरड अशी सरसर निघायची की बघत राहावं. माझ्या नेवरीतून सारण बाहेर. "अक्षर कसं झकास काढतेस गो," ती म्हणायची, "पण मुरड काय येत नाय तुला. देव एकालाच सगळं नाय देत." आणि तू हसायचीस. तू अशी हसायचीस की लाटणं थांबायचं. माझ्याशी किंवा बाबांशी बोलताना तू तशी कधी हसल्याचं मला आठवत नाही.

तशाच एका दुपारी तिने तुला विचारलं होतं, "मेल्यावर मी तुझ्याकडे येनार कशी? तुमचा फादर दारातूनच परत पाठवील मला." ती थट्टेत बोलत होती, पण हातातली नेवरी तशीच धरून राहिली होती. तू वर न बघताच म्हणालीस, "फुडल्या दारान कशाक येतंस? मागल्या दारान ये. मी कडी काढून ठेवतलंय." "आनि तू आमच्याकडे आलीस तर?" "मगे तू काढ." तुमच्या दृष्टीने प्रश्न तिथे मिटला. पोथ्यापुराणं, पोप, मौलवी, कुणाला काही विचारायची गरज तुम्हाला पडली नाही.

माझ्या पहिल्या कम्युनिअनच्या झग्याचं पांढरं कापड तिनेच दिलं होतं, कुवेतहून आलेलं. ते तिने स्वतःच्या मुलीसाठी ठेवलं होतं आणि मुलगी तिला झालीच नाही. तू तो झगा दोन रात्री... नाही, खोटं कशाला, दोन दुपारी शिवलास. त्या दिवशी खाला चर्चच्या फाटकाबाहेर आंब्याखाली उभी राहिली, आत आली नाही, आणि मी बाहेर आले तेव्हा तिने माझी बटणं नीट लावली. सगळ्या मुलींत माझाच झगा चांगला होता. हे सगळं मी विसरले नव्हते, माय. पुढे मी जे केलं ते हे सगळं माहीत असताना केलं.

बाबा गेले मे महिन्याच्या शेवटी, मी दहा वर्षांची असताना. जेटीवरच छातीत दुखलं आणि तिथेच संपलं. चौथ्या दिवशी सकाळी मी मशीनच्या आवाजाने जागी झाले. शाळा उघडायला आल्या होत्या आणि तुझ्याकडे गणवेशांचा ढीग पडला होता. तू डोक्यावर पदर घेऊन निळ्या स्कर्टच्या चुण्या घालत होतीस आणि तुझे डोळे कोरडे होते. मी अंथरुणातून बघत राहिले. मग दोन वर्षांनी, श्रावणातल्या झडीत, खाला तापाने गेली. तू तिच्या घरून परत आलीस आणि स्वयंपाकघरात मागल्या दाराशी खाली बसलीस. मशीन आठ दिवस बंद होतं. गिऱ्हाइकं येऊन परत जात होती. तू मोठ्याने रडत होतीस, माझ्यासमोर, शेजाऱ्यांसमोर, कुणाचीही लाज न बाळगता. मी तुला पाणी आणून दिलं होतं आणि तू ते बाजूला ठेवलं होतंस.

त्याच वर्षीच्या नोव्हेंबरची ही गोष्ट. नोव्हेंबर आपल्याकडे मृतांचा महिना. दोन तारखेच्या आधी घरोघरी आपल्या गेलेल्या माणसांची नावं कागदावर लिहायची, कागद पाकिटात घालायचा आणि चर्चमध्ये वेदीजवळच्या लाकडी पेटीत टाकायचा. मग महिनाभर त्या सगळ्यांसाठी मिस्सा, म्हणजे चर्चमधली प्रार्थना, होते. नावं कुणी वाचून दाखवत नाही. तुला लिहिता येत नव्हतं म्हणून आपली यादी बाबा लिहायचे, आणि बाबांनंतर मी. तू भिंतीला टेकून बोटांवर मोजत नावं सांगायचीस. तुझी माय, तुझा बाप, सासू, सासरे, समुद्रात गेलेला काका, असं करत आठवे बाबा. त्या वर्षी तू नववं बोट धरलंस आणि खालाचं नाव घेतलंस.

मी पेन थांबवलं. धर्मशिक्षणाच्या वर्गात आमचे मास्तर सांगायचे की बाप्तिस्मा नाही त्याला तारण नाही. एकदा त्यांनी असंही सांगितलं होतं की कोण वर जाणार आणि कोण खाली, हे देवाने जग घडवायच्या आधीच ठरवून ठेवलेलं आहे, त्यात आता कानामात्रेचा फरक होणार नाही. मी तुला ते तसंच्या तसं ऐकवलं. म्हटलं, तिचं नाव लिहून काही उपयोग नाही, उलट पाप लागेल. तू माझ्याकडे बघितलंस. "तुझो मास्तर देवाच्या शेजाराक रवता काय?" मग म्हणालीस, "सगळा आदीच ठरलेला हा, तर माका प्रार्थना करूक कशाक सांगतत? तू लिव."

मी लिहिलं. तू कागद हातात घेऊन एकेक ओळ बोटाने मोजलीस, नऊ भरल्या, कागदाची घडी कपाळाला लावून पाकिटात घातलीस. तुला दिसल्या त्या नऊ ओळी होत्या खऱ्या. पण नवव्या ओळीत मी खालाचं नाव लिहिलं नव्हतं. तिथे मी पुन्हा एकदा बाबांचं नाव लिहिलं होतं.

पुढच्या वर्षीही तेच केलं, कारण पहिल्या वर्षी केलं होतं. मग दरवर्षी. मी शिकले, शाळेत शिक्षिका झाले, लग्न होऊन पलीकडच्या आळीत गेले, पण ऑक्टोबर संपताना तुझ्याकडे येऊन यादी लिहायची ही रीत काही मोडली नाही. ओळी वाढत गेल्या, पण खालाच्या जागी बाबाच. वय वाढलं तसं मास्तरांच्या शिकवणीवरचा माझा विश्वास उडाला होता, पण आता खरं नाव लिहिणं म्हणजे आधीचं सगळं कबूल करणं, आणि तेवढं धाडस माझ्यात नव्हतं. फादरांसमोर कबुलीजबाबाला बसले की रागावले, खोटं बोलले, प्रार्थना चुकवली, असलं किरकोळ सांगून मोकळी व्हायचे.

शेवटच्या आठवड्यात तू अंथरुणावर होतीस. मी तुला पेज भरवत होते. दोन चमचे घेऊन तू तोंड मिटलंस आणि विचारलंस, "तिचा नाव दरवर्साक लिवलंस मां गो?" मी म्हटलं, हो माय. तू बराच वेळ माझ्याकडे बघत राहिलीस. "बरां," म्हणालीस. मग उरलेली पेज घेतलीस.

यंदा हे सगळं वर आलं त्याला कारण एक मुलगी. निवृत्तीनंतर मी रविवारी धर्मशिक्षणाचा वर्ग घेते. तुला ऐकून हसू येईल, आता मास्तर मीच. यादीबद्दल सांगत होते तर एक नऊ वर्षांची मुलगी उठली. तिच्या आईचं माहेर संगमेश्वरकडचं, हिंदू शेतकरी घर. तिने विचारलं, "टीचर, माझी आजी गेली शिमग्यात. तिचं नाव लिहिलं तर चालेल? की देव खोडून टाकेल?" सगळा वर्ग माझ्याकडे बघायला लागला. माझ्या तोंडून निघालं, "तू लिही." तुझाच शब्द, तुझ्याच आवाजात. त्यानंतर मला पुढचं काही शिकवता येईना.

त्या दिवशी दुपारी मी फादरांकडे गेले. आताचे फादर वसईचे आहेत, माझ्या मुलापेक्षा लहान. मी त्यांना सगळं सांगितलं, पेजेपर्यंतचं.  ते म्हणाले, मास्तरांनी तुम्हाला अर्धंच सांगितलं, आणि तेही चुकीचं अर्धं. देवाने कुणाला नरकासाठीच घडवलं असं चर्चने कधी मानलं नाही. तसं म्हणणाऱ्यांना चर्चने नाकारलं आहे. सगळे तरावेत हीच त्याची इच्छा, आणि नाही म्हणायची मोकळीक मात्र माणसाला. ज्याच्यापर्यंत आपली वाट पोचली नाही, पण जो खऱ्या मनाने देवाला शोधतो आणि आपल्या विवेकाला धरून वागतो, तोसुद्धा तरू शकतो. कसं, ते त्याचं त्याला माहीत. "बाई, चर्चकडे संतांची यादी आहे, चांगली लांबलचक आहे," ते म्हणाले. "पण अमका नरकात आहे असं नाव घेऊन चर्चने आजवर एकाही माणसाबद्दल सांगितलेलं नाही. ती यादी आमच्याकडे नाहीच. तुम्ही बारा वर्षांच्या असताना एक करायला घेतली होती."

मला ते लागलं. पण बरंही वाटलं. मी विचारलं, मग बावीस वर्षं मायची जी प्रार्थना पोचली नाही तिचं काय? ते हसले. देवाला सगळं आधीच ठाऊक असतं म्हणता, तर तुमच्या आईने कुणाचं नाव सांगितलं तेही त्याला ठाऊक असणारच की. त्याला आधी आणि नंतर असं काही नाही. आज केलेली प्रार्थनाही त्याच्यासमोर त्या श्रावणातच उभी आहे. निघताना म्हणाले, यंदा नीट लिहा. मी घरी येऊन लिहिलं. तिचं नाव मी या पत्रात घालत नाही, माय; ते जिथे लिहायचं होतं तिथे परवा लिहिलं.

इथे पत्र संपायला हवं होतं. पण काल सकाळी मी सिमितेरीत गेले, बाबांच्या थडग्यावरच्या क्रुसाला रंग द्यायला. दोन तारखेच्या आधी तूच ते करायचीस; तू गेल्यावर मी ते पैसे देऊन करून घ्यायचे, यंदा पहिल्यांदाच स्वतः गेले. हातात बारीक ब्रश, चुना सुकला की त्यावर कोरलेली अक्षरं काळ्या रंगाने भरायचीस, काना, वेलांटी, काही न चुकवता. मी एकदा म्हटलं होतं, तुला वाचता येत नाही आणि अक्षर कसं सुरेख भरतेस. तू म्हणाली होतीस, "तेंचा नाव माझ्या हाताक येता." काल मी त्याच अक्षरांवरून ब्रश फिरवत होते आणि पहिल्याच वेलांटीवर माझा हात थांबला. माय, तुला जगात एकच नाव ओळखू येत होतं. आणि तेच मी तुझ्यासमोर दरवर्षी एकाखाली एक, दोनदा लिहून ठेवत होते, आणि तू त्यावरून बोट फिरवत होतीस.

म्हणजे तुला माहीत होतं. पहिल्याच वर्षापासून. मी तिथे क्रुसापाशी बसून खूप रडले, साठीला आलेली बाई, हाताला काळा रंग. तू मला कधी बोलली का नाहीस, हे आधी कळेना. मग वाटलं, ते दोनदा लिहिलेलं नाव बघून तुला समजलं असेल की पोर कुणासाठी रडते आहे. तू कागद कपाळाला लावलास, आणि खालासाठी जे मागायचं ते पाकिटाशिवाय मागितलंस. पेज भरवताना तू विचारलंस ते खात्री करायला नव्हतं. तू माझ्यासाठी कडी काढून ठेवली होतीस, आणि मी बाहेरच उभी राहिले.

तर आता सांगते. मास्तरांचं मी उगाच पुढे केलं, त्या वयातही मला ते फारसं पटलं नव्हतं. बाबांसाठी तू मशीन थांबवलं नाहीस आणि तिच्यासाठी आठ दिवस थांबवलंस, म्हणून मी तिला काढून टाकलं. ते गणवेश शिवले नसतेस तर जूनमध्ये आपण काय खाल्लं असतं, हे मला फार उशिरा उमगलं.

हे पत्र कुठल्या पेटीत टाकायचं नाही. इथेच मशीनच्या खणात ठेवते, बॉबिनांच्या डब्याखाली. तू विचारलं होतंस, तिचं नाव दरवर्षी लिहिलंस ना.

नाही, माय. एकदाही नाही लिहिलं.